पलटणगीताची सुधारित आवृत्ती

४ जानेवारी, सकाळ
नवी डायरी. उद्यापासून पहाटे धावणार. आजच धावणार होतो, पण उठलो तेव्हा पहाट संपली होती. सैनिक कधी रिटायर होत नसतो, त्याचा कोट तेवढा आखूड होतो.

संध्याकाळी माजी सैनिक मंडळाची मीटिंग. प्रेसिडेंट मेजरसाहेब आहेत, पण त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. त्यामुळे सेक्रेटरी या नात्याने मंडळ मीच चालवतो. कुणी तसं म्हणत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

५ जानेवारी
कालची मीटिंग मी गाजवली.

झालं असं, की पेपरात कुणा कॉलेजातल्या पोराने लिहिलंय, आमचं पलटणगीत ऑफेन्सिव्ह आहे, आजच्या काळात असलं काही गाऊ नये. मिसरूड फुटली नाही आणि पलटणीला शिकवतोय!

गीत आजोबांच्या वेळचं. दर वर्षी वार्षिक भोजनाला आम्ही उभं राहून, टेबल बडवत म्हणतो. चौथं कडवं पलीकडच्यांवर आहे. तेव्हा नदीच्या दोन काठांना दोन राज्यं होती आणि वैर होतं. आता पूल आहे, लोक पलीकडे चपला घ्यायला जातात. पण काव्य ते काव्य:

नदीपल्याडचा गडी शहाणा,
लढाईआधी शोधी बहाणा;
पाठ तयाची आम्हां ठावी,
तोंड कसे ते कधी न दावी!

यात लागण्यासारखं काय आहे?

आणि सातवं कडवं म्हणजे तर निव्वळ विनोद. "घरची रडते, बंदुक हसते, सांग गड्या, मन कुणात वसते?" यावर सगळे ओरडतात, "बंदुकीत!" मग प्रत्येकाने गर्रकन मागे वळून, भिंतीपाशी उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे बोट दाखवून "ही नव्हे!" म्हणायचं. हॉल दणाणतो. बायकाही हसतात. निदान ओठ तरी हलतात.

मी अर्धा तास बोललो. मनाला लावून घेणं हा आजचा साथीचा रोग आहे, ज्याला लागतं त्याने कान झाकावेत, वगैरे. मेजरसाहेबांनी जोरात मान डोलावली. (त्यांना वाटलं, चहा आला.) ठराव: गीताचा काना-मात्राही बदलणार नाही. मीच मांडला. अनुमोदनाला बिगुलने हात वर केला. बिगुल म्हणजे आमचा जुना बिगुलवाला. नंतर म्हणाला, हात वर केला नव्हता, खांदा आखडला होता. प्रोसीडिंगमध्ये आलंय, आता काय उपयोग!

६ जानेवारी
धावलो नाही. दव होतं.

९ जानेवारी
मुलीने लग्न ठरवलं. स्वतःच. मुलगा चांगला आहे, पूल बांधणारा इंजिनिअर. नदीपलीकडचा. वडील त्यांच्याकडच्या पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर.

माझ्यासारखा ब्रॉडमाइंडेड बाप शोधून सापडणार नाही. मी एवढंच विचारलं, की मुलगा तोंड दाखवायला येईल ना? कुणी हसलं नाही. सौ. म्हणाली, तुम्ही जरा आत जा बघू.

मुलगी म्हणाली, बाबा, मी त्या सगळ्यांना तुमच्या वार्षिक भोजनाला बोलावलंय, तुमचा एवढा महत्त्वाचा दिवस असतो म्हणून. म्हटलं, छान केलंस.

९ जानेवारी, दुपार
चौथं कडवं!!

झोप लागली नाही. नुसता पडून राहिलो.

१० जानेवारी
शांतपणे विचार केला. काळाबरोबर चालणं हीच खरी डिसिप्लिन. कोणतीही जुनी गोष्ट डोळे मिटून म्हणत राहणं हे विचारी माणसाचं लक्षण नाही. त्या कॉलेजातल्या पोराचं म्हणणं मी मुळात नीट वाचलंच नव्हतं. मुद्देसूद आहे. भाषा किंचित कोवळी.

मंडळाची तातडीची मीटिंग बोलावली. म्हणालो, आधीच्या ठरावात "बदलणार नाही" म्हटलंय, "सुधारणार नाही" असं कुठेही म्हटलेलं नाही. सगळे गप्प. लोक असे निरुत्तर झाले की मला स्वतःचीच भीती वाटते.

सुधारणा कमिटी नेमली: मी, बिगुल आणि सिस्टर. सिस्टर म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलातली रिटायर्ड नर्स. विषय नाजूक, तेव्हा बायकांचा दृष्टिकोन हवा. सिस्टर म्हणाल्या, येते, पण दृष्टिकोन माझा असेल, बायकांचा बायकांना विचारा.

१४ जानेवारी
कमिटीची पहिली बैठक, आमच्या घरी. मी ड्राफ्ट वाचला: "डोंगरापल्याडचा गडी शहाणा." बिगुल उभा राहिला. त्याची सासुरवाडी डोंगरापल्याड. म्हणाला, मला घरी जाऊन जेवायचंय.

दुसरा ड्राफ्ट: "समुद्रापल्याडचा." मेजरसाहेब सहज येऊन बसले होते. त्यांचा मुलगा परदेशी असतो. तोफ उडाली तरी न दचकणारा माणूस, हे मात्र त्यांना लख्ख ऐकू आलं. काठी आपटून गेले.

मग एकदम सुचलं. असं सुचणं शिकून येत नाही, ते रक्तात असावं लागतं. "चंद्रापल्याडचा गडी शहाणा!" मीटरमध्ये बसतं, आणि तिकडे कुणाचं सासर नाही. सिस्टर म्हणाल्या, पण चंद्रापल्याडच्याशी आपलं भांडण काय? म्हटलं, काव्यात एवढी सूट असते. बिगुलला मात्र शंका होती, की पुढेमागे तिकडे वस्ती झाली तर? म्हटलं, तेव्हाचं मंडळ बघेल.

१५ जानेवारी
वेशीपर्यंत धावायला निघालो. वाटेत वाण्याने हाक मारली. बोलत थांबणंही व्यायामातच येतं, पाय दुखले.

१८ जानेवारी
आज सातवं कडवं. सिस्टर भडकणार हे गृहीत धरून मी टॅक्टची तयारी केली होती. सरबत केलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. आणि त्या म्हणाल्या, ते कडवं राहू द्या.

मी थक्क.

मग त्यांनी एक हकीकत सांगितली. त्यांच्या वॉर्डात दोन्ही काठांची पोरं शेजारी शेजारी असत. बँडेजमध्ये सगळी सारखीच. संध्याकाळी एक जण आपलं गीत सुरू करी, समोरची कॉट तिच्याकडच्या गीताने उत्तर देई. शिव्याच, पण सुरात. बंदुकीच्या कडव्याला सगळे ओरडत आणि बोट दाखवायला बायको नसल्यामुळे सिस्टरकडे दाखवत. एकाला जबडाच उरला नव्हता, तो चमच्याने कॉटच्या लोखंडावर ताल धरी. एकदा चमचा मध्येच थांबला. पोरं आणखी दोन कडवी म्हणत राहिली, तेव्हा कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं.

म्हणून राहू द्या, म्हणाल्या, हळू म्हणा हवं तर.

बिगुल नाक शिंकरायला बाहेर गेला. मी प्रोसीडिंगमध्ये लिहिलं: "सिस्टर भावनाविवश झाल्याने त्यांचं मत तूर्त राखून ठेवलं." जाताना त्या म्हणाल्या, लागतं की नाही हे मला काय विचारता? जी इतकी वर्षं भिंतीपाशी उभी राहते तिला विचारा.

१९ जानेवारी
विचारायचं तर योग्य वेळ साधायला हवी. आज साधली नाही. तिने दोनदा विचारलं, काही हवंय का?

२० जानेवारी
विचारलं. सौ. इस्त्री करत होती. मी प्रस्तावना केली: पारंपरिक सैनिकी काव्याकडे आजच्या स्त्रीने कसं पाहावं. ती म्हणाली, पटकन सांगा, इस्त्री तापलीय.

सांगितलं. तिने माझ्या शर्टाची कॉलर पूर्ण केली, शर्ट उलटा केला आणि म्हणाली, कविता कुणा मेलेल्या माणसाची. बोट तुमचं.

मला अर्थ लागला नाही. तसं सांगितलं. तेव्हा म्हणाली, मुलगी झाली त्या साली तुम्ही छावणीत. पोरीला ताप, मी एकटी, रोज रडत होते, हे खरंच होतं. तुम्ही परत आलात ते थेट भोजनाच्याच दिवशी. मी पोरीला खांद्यावर घेऊन भिंतीपाशी उभी. घरची रडते म्हणालात, वळलात, आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांत मोठ्याने हसलात. पोर दचकून उठली. मग म्हणाली, ती दुसरी पँट आणा, तीही करून टाकते.

बायकांची मेमरी हा एक वेगळाच विषय आहे. असो. मुद्दा मी अचूक पकडला: प्रॉब्लेम कडव्याचा नाही, बोटाचा आहे. बोट बदलायचं!

२१ जानेवारी
आरशासमोर ट्रायल. उघडा तळहात: रस्त्यावरची वाहनं अडवल्यासारखं दिसतं. नुसती हनुवटी: भांडण उकरून काढल्यासारखं. भुवई: हीच योग्य. सूक्ष्म, सुसंस्कृत. सौ.ला करून दाखवली. म्हणाली, डोळ्यात काही गेलंय का, इकडे या, फुंकर मारते.

२३ जानेवारी
कडव्याचं उत्तरही सौम्य केलं. "घरची हसते, बंदुक हसते, सांग गड्या, मन कुणात वसते?" आणि सगळ्यांनी म्हणायचं, "दोघींत!" बिगुल म्हणाला, हे तर जास्त वाईट झालं, आधी निदान एकीचाच संसार मोडत होता. सिस्टर म्हणाल्या, सगळेच हसतायत तर लढाईला जायचं कशाला?

विघ्नसंतोषी कमिटी. शेवटी मी अधिकार वापरून "कर्तव्यात!" हे उत्तर पास केलं. ओरडताना जीभ अडकते. सरावाने येईल.

शिवाय ती बुटाची प्रथा. हजर असलेल्यांत जो वयाने लहान, त्याने मेजरसाहेबांच्या बुटातून सरबत प्यायचं. अनहायजिनिक, आणि आजच्या तरुणाच्या स्वाभिमानाला धक्का. बुटाच्या आकाराचा काचेचा ग्लास मिळवला. कशाकशाचा विचार करतो मी!

३० जानेवारी
सुधारित आवृत्ती छापून आली. देखणी. तळाला बारीक अक्षरात माझं पद.

कोट घालून पाहिला. श्वास न घेता बसतो.

२ फेब्रुवारी, सकाळ
आज भोजन. पाहुणे निघालेत. मी पूर्ण शांत आहे. असा दिवस येतो तेव्हा अख्ख्या पलटणीत एकच माणूस उपयोगी पडतो. तो कोण, ते मी लिहीत नाही.

सौ. सकाळीच मुलीबरोबर हॉलवर गेली. तयारी बघायला, म्हणाली. तिचाही उत्साह वाढलाय.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
काय लिहू.

सुरुवात उत्तम. व्याही उंच, मिशा पांढऱ्या, हात दाबला तो अजून दुखतोय. जावईबापू नम्र. कागद वाटले. आणि कळलं, की एकानेही चष्मा आणलेला नाही. दर वर्षी लागत नाही ना! बिगुल सुरू झाला आणि मंडळी जुनंच गाऊ लागली.

चौथं कडवं आलं. "नदीपल्याडचा" असा सगळ्या हॉलने गजर केला. एकटा मी "चंद्रापल्याडचा" म्हणालो. खूप मोठ्याने. शेजारी बसलेल्या व्याह्यांनी वर छताकडे पाहिलं. मग ते टेबल बडवू लागले. आमच्यापेक्षा जोरात. सगळं कडवं पाठ त्यांना!

सातवं. "बंदुकीत!" सगळे वळले. सगळ्यांची बोटं बाहेर. माझी भुवई वर.

भिंत रिकामी.

बायका नव्हत्याच. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, आत सगळ्या पंगतीला बसल्या होत्या. आधी. गरम गरम. विहीणबाई मधोमध, सिस्टर वाढतायत, सौ.च्या हातात घास. आमच्याकडे तिने एकदा पाहिलं आणि घास खाल्ला. माझी भुवई आग विझवायच्या वाळूच्या लाल बादलीसमोर वर राहिली. एवढा मोठा हॉल, पण "ही नव्हे" असं एकालाही म्हणता येईना. कुणाला म्हणणार, बादलीला?

प्रसंग सावरायला मी सरबताची घोषणा केली. काचेचा ग्लास कुठे ठेवला तेच आठवेना. तोवर मेजरसाहेबांनी नेहमीप्रमाणे बूट काढला होता, त्यांना बदल कुणी सांगितलाच नव्हता. जावईबापूंनी तो दोन्ही हातांनी उचलला, घटाघटा संपवला आणि विचारलं, अजून आहे का? हॉलने त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं.

व्याही उठले. म्हणाले, फार सुंदर म्हणालात. आमच्याकडे या कडव्याला उत्तर आहे. पाहुणा रिकाम्या हाताने आला असं नको व्हायला. आणि सुरात म्हणाले:

अल्याडचे ते शूर शिपाई,
ढेकणांशी करती लढाई;
तोफ गरजता कुठे पळाले?
घोंगड्यांच्या गठ्ठ्यात निघाले!

हॉल कोसळला. बिगुलची कवळी बाहेर आली. मेजरसाहेबांना ऐकू आलं नसणार, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी.

मी हसलो नाही. संपूर्ण नोकरीत मी सामानाच्या कोठीत होतो. घोंगड्यांच्या विभागात. ती राष्ट्रीय जबाबदारी होती! थंडीने किती माणसं मेली नाहीत याचा हिशेब कोणी ठेवतं का? हे कडवं सरळ सरळ माझ्यावर होतं.

मी उभा राहिलो. कोटाचं वरचं बटण सुटून व्याह्यांच्या वाटीत पडलं, त्याची मी पर्वा केली नाही. म्हणालो, हा समस्त सैन्याचा अपमान आहे. असली जुनी गाणी आजच्या काळात म्हणूच नयेत. कुणाच्या मनाला किती लागेल याचा विचार नको का? माफी मागा.

व्याही गोरेमोरे झाले. म्हणाले, अहो, हे आमच्या आजोबांच्या वेळचं, तुम्ही तर तेव्हा जन्मलाही नव्हतात. मग आवाज ऐकून दारात आलेल्या माझ्या मुलीला हळूच विचारलं, बाबा कशात होते ग? मुलगी खाली बघून म्हणाली, घोंगड्यांत.

आणि शेजारच्या खोलीतून हसू फुटलं. सौ. ताट बाजूला सारून, टेबलावर डोकं टेकून हसत होती. तिचं असं हसणं मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. ती असं हसते हे विसरलोच होतो.

मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा जाहीर केला. आता सगळे उठतील, नाही नाही म्हणतील, म्हणून जरा थांबलो.

दोन्ही कानांनी ठार बहिरे मेजरसाहेब म्हणाले, मंजूर.

३ फेब्रुवारी
राजीनामा मनातून मागे घेतलाय. कुणी विचारायला आलं की सांगेन.

कुणी आलं नाही.

४ फेब्रुवारी
बिगुलकडून कळलं. सिस्टर सेक्रेटरी झाल्या. दोन्ही काठांची कडवी यापुढे समोरासमोर बसून म्हणायची. बायका भिंतीपाशी नाही, टेबलाशी. बोट दाखवणं बंद. शेवटची सूचना सौ.ची, आणि ती तर मेंबरसुद्धा नाही. घटनेची पायमल्ली! यावर सविस्तर लिहिणार होतो, पण दारात व्याही उभे.

विहीणबाईंना घेऊन आले होते. मला वाटलं, लग्न मोडलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात, ओढणीचं टोक मुठीत. व्याही बसलेसुद्धा नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, परवा चुकलं माझं, तुम्हाला लागेल हे मला कळलं नाही. मग बसले आणि म्हणाले, चहात साखर कमी.

झालं! एवढंच! प्रस्तावना नाही, संदर्भ नाही. मी तर उत्तराला अर्ध्या तासाचं भाषण तयार ठेवलं होतं. म्हणालो, छे छे, त्यात काय. लग्नाची तारीख पंधरा मिनिटांत ठरली.

हे सगळं चालू असताना सौ. माझ्याकडे बघत होती. व्याह्यांकडे नाही, माझ्याकडे. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

६ फेब्रुवारी, दुपार
सौ. आणि विहीणबाई पलीकडे खरेदीला गेल्यात. घर रिकामं. एक निवेदन तयार करतोय. पहिला ड्राफ्ट: "काही पारंपरिक सैनिकी प्रथांच्या पालनात अनवधानाने, तत्कालीन वातावरणाचा विचार करता..." फार लांब. "वातावरण" काढलं. मग "प्रथा" काढल्या. मग "अनवधानाने"ही काढलं, कारण अनवधान दर वर्षी ठरल्या तारखेला होत नसतं, असं कुणीतरी म्हणेल. शेवटी एकच शब्द उरला. मोठ्याने म्हणून पाहिला. आवाज दमदार लागला. आल्या आल्या सांगणार.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
बेल वाजली. दार उघडलं. सौ., दोन्ही हातांत पिशव्या, जिना चढून धाप लागलेली. मी तोंड उघडलं. ती म्हणाली, अहो, दारातून बाजूला व्हा ना.

बाजूला झालो. पिशव्या घेतल्या. जड होत्या. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, काही सांगत होतात का? म्हटलं, चहा टाकू का? तिने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. टाका, म्हणाली.

पातेलं सापडलं. चहापत्ती सापडली. साखर कुठे असते ते विचारायला बाहेर आलो, तर ती बसल्या जागी झोपली होती. चपलाही पायात तशाच.

मग सांगितलं. हळू आवाजात, उठायला नको म्हणून.

तांत्रिकदृष्ट्या सांगून झालेलं आहे.